ऐच्छिक, स्वेच्छेने की राजीखुशीने? न्यायाधीशांच्या फॉर्मसाठी शब्द हवाय

बाळीवेस:
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. भाची इथंच सोलापुरात एलएलएम करतेय, तिचा विषय न्यायाधीशांमधली विविधता. कॅलिफोर्नियात कायद्यानंच ठरवलंय की दरवर्षी १ मार्चपर्यंत तिथल्या न्यायाधीशांत बायका किती पुरुष किती, कुठल्या वंशाचे किती, अपंग किती, माजी सैनिक किती हे आकडे कोर्टवार जाहीर करायचे, नाव कुणाचंच नाही, आणि माहिती द्यायची का नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तिला तसा एक नमुना फॉर्म मराठीत करायचाय. वरती तिनं लिहिलंय ‘ऐच्छिक माहिती’. मला वाचल्याबरोबर खटकलं पण का ते सांगता येईना. आणि दुसरं, विविधता लिहावं का वैविध्य?

सातरस्ता:
ऐच्छिक व्याकरणानं बरोबरच आहे की, समाजवरनं सामाजिक तसं इच्छावरनं ऐच्छिक. खटकायचं कारण मला वाटतं शाळा. ऐच्छिक विषय म्हणजे चारातला कुठलाही एक घे, पण एक घ्यावाच लागणार, कोरं सोडायची सोय नाही. आमचे पाहुणे अक्कलकोटच्या पलीकडचे, कर्नाटकात डिग्रीला ‘ऐच्छिक कन्नड’ असतं, तिथंपण अर्थ निवडून घेतलेला विषय असाच. म्हणजे हा शब्द निवडीचा आहे, नकाराचा नाही. तुमच्या फॉर्मला नकाराची मोकळीक पाहिजे.
विविधता आणि वैविध्य एकाच मुळाचे, माणसांबद्दल विविधता बरं वाटतं, जेवणात नायतर लिखाणात वैविध्य. कानाचा प्रश्न आहे, त्यात अडकू नका.

अशोकचौक:
आमच्या घरी तेलुगू. तेलुगूत याला सरळ ‘स्वच्छंद’ म्हणतात, स्वच्छंद संस्था म्हणजे आपली स्वयंसेवी संस्था. शाळेत मी मराठी निबंधात ‘स्वच्छंद कार्यकर्ते’ लिहिलं होतं आणि बाईंनी खाली लाल रेघ मारून शेजारी बोलवून समजावलं की मराठीत स्वच्छंदी म्हणजे मनाला येईल तसं वागणारा. ते अजून डोक्यात आहे. दोन्हीकडं संस्कृतच पण अर्थ पार दोन दिशांना गेला. म्हणून म्हणतो काका, शब्द कोशात बघून उचलू नका, जो माणूस फॉर्म भरणारे त्याच्या कानाला काय ऐकू येतं ते बघा.

काळाकोट:
बावीस वर्षं सोलापूर कोर्टात आहे, म्हणून लिहितो. आपल्या दस्तांत याला फार जुना शब्द आहे. कुठलंही खरेदीखत काढा, शेवटी असतंच, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले असे’. दडपण नाही हे त्यात सरळ म्हटलेलं असतं, आणि ‘ऐच्छिक’मध्ये नेमकं तेच येत नाही. ‘स्वखुशीने’ मला सगळ्यात जवळचा वाटतो.
एक सूचना. तिथल्या ‘वंश’ रकान्याच्या जागी ‘प्रवर्ग’ लिहू नका. प्रवर्ग म्हटलं की महाराष्ट्रात आरक्षणच डोळ्यापुढं येतं. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरच्या जाहिरातीत प्रवर्ग असतो ते ठीक, पण हायकोर्ट सुप्रीम कोर्टात नेमणूक होते कलम १२४, २१७ आणि २२४ खाली आणि तिथं कुठल्याच जातीवर्गाला आरक्षण नाही. केंद्राचं कायदा खातं ‘सामाजिक पार्श्वभूमी’ म्हणतं, तेच घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासनं आपल्या जिल्ह्याला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच झालंय, तिथं जाताना गाडीत पक्षकार पहिलं विचारतो, ‘साहेब कुठले हो?’ गावाचं नाव सांगितलं तरी त्याचं समाधान होत नाही, त्याला आपल्यातलं कुणी तिथं बसलंय का ते जाणून घ्यायचं असतं. मला त्यात काही गैर वाटत नाही. एकेका न्यायाधीशाची जात शोधत बसण्यापेक्षा एकत्रित आकडा समोर असणं फार चांगलं.

बाळीवेस:
वकीलसाहेब, सातरस्ता, अशोकचौक, मनापासून आभार, आता खटकण्याचं कारण सापडलं. मी ‘स्वेच्छेने’वर येत होतो पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. मिल बंद पडताना आमच्या गल्लीतल्या लोकांनी ‘स्वेच्छानिवृत्ती’च्या कागदावर सह्या केल्या, माझ्या थोरल्या भावानंपण, आणि त्यात कुणाचीही स्वेच्छा नव्हती. तेव्हा स्वखुशीने.

पण मला जास्त काळजी आता शेवटच्या, म्हणजे माहिती न देणाऱ्यांच्या, रकान्याची वाटायलीय. २०१८ पासनं हायकोर्टासाठी शिफारस झालेल्यांकडनं ठरावीक नमुन्यात सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेतात. जुलै २०२३ मध्ये लोकसभेत त्याचे आकडे सांगितले: नेमलेले ६०४, त्यात ४५८ सर्वसाधारण, अनुसूचित जाती १८, जमाती ९, ओबीसी ७२, अल्पसंख्याक ३४. बेरीज केली तर ५९१ येते. उरलेल्या १३ जणांची ‘माहिती उपलब्ध नाही’. बघा, अनुसूचित जमातीचे ९ आणि न कळलेले १३! आता हे तेरा म्हणजे विचारलंच नाही, का विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही, का कागद हरवला? ‘उपलब्ध नाही’ या दोन शब्दांत तिन्ही गोष्टी एकत्र गेल्या. कॅलिफोर्नियाच्या तक्त्यात ‘माहिती दिली नाही’ असा रकाना असतो, त्यात निदान कळतं की विचारलं होतं.

आणि भाचीनं त्या जागी काय लिहिलं होतं माहितेय का, ‘निरंक’. ऑफिसात सवयीनं लिहितो आपण. निरंक म्हणजे शून्य. उत्तर न देणाऱ्या माणसाला शून्य धरलं तर तो सगळ्याच रकान्यांतनं गायब होतो की.

काळाकोट:
निरंक अजिबात नको. बरोबर पकडलंत.

अशोकचौक:
‘सांगू इच्छित नाही’ असा चौकोन ठेवा आणि बाकीच्यांच्या खाली शेवटी नको, पहिलाच ठेवा.

बाळीवेस:
पहिला ठेवतो. वरची ओळ अशी केलीय: ‘ही माहिती स्वखुशीने द्यायची आहे. न दिल्यास त्याचा नेमणुकीवर, बदलीवर वा बढतीवर कोणताही परिणाम होणार नाही. आकडे एकत्रितच जाहीर होतील.’ यात ‘एकत्रित’ला कुणाला सोपा शब्द सुचत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, ती उद्या सकाळी प्रिंट काढणारे.