मदत हवी आहे: निकाल ठरलेला असूनही ही लढत खरी का वाटते?

मंडळी, जपानी प्रो-रेसलिंग (निकाल आधी ठरवून खेळली जाणारी कुस्ती) बघणारं इथे कुणी आहे का? एक कोडं सुटत नाहीये.

१८ जुलै २००५, टोकियो डोम, केन्टा कोबाशी विरुद्ध केन्सुके सासाकी. दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या छातीवर चॉप, म्हणजे उघड्या हाताचे फटके, हाणत सुटतात. कितीतरी मिनिटं फक्त तेवढंच! छाती लालभडक, पण मागे सरकायला कुणी तयार नाही. निकाल आधीच ठरतो हे ठाऊक असूनही मी पलंगाच्या कडेला येऊन बसलो होतो. (आई म्हणाली, "काय रे ही मारामारी बघतोयस?")

दुसरी, ऑगस्ट २०१३ मधली ओसाकाची तोमोहिरो इशी विरुद्ध कात्सुयोरी शिबाता ही लढत. जेमतेम १२ मिनिटं, उगाच वेळ काढणं नाही. मला वाटतं खरी कला मारण्यात नाही, मार खाण्यात आहे. इशी फटका झेलतो, क्षणभर ढिम्म उभा राहतो, मग गुडघे लटपटतात. त्या उशिरातच जीव अडकतो. अशा लढाऊ जिद्दीला जपानीत 'तोकोन' म्हणतात. पण प्रत्येक फटक्यानंतर असंच केलं तर कंटाळा येतो. मग इथे का येत नाही?

आणि एक बोच आहे. याच शिबाताने एप्रिल २०१७ मध्ये काझुचिका ओकादा या कुस्तीगिराला खरीखुरी डोक्याने धडक दिली आणि शिबाताच्याच मेंदूत रक्तस्राव होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ते कळल्यापासून टाळ्या वाजवताना हात अडखळतो.

तर डोक्याला धोका न देता मनाची अशीच पकड घेणाऱ्या लढती सुचवाल का? आणि बघताना तुम्ही नेमकं काय टिपता?