गरोदरपणात डासांचं क्रीम लावावं का, आणि ताप आला तर

एकीने विचारलंय की पाचव्या महिन्यात डासांचं क्रीम लावलं तर बाळाला त्रास होईल का, तर डीट किंवा पिकारिडिन (डास दूर ठेवणारी रसायनं) असलेलं क्रीम पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लावलं तर गरोदरपणात चालतं, उलट न लावण्यातच जास्त धोका आहे. सनस्क्रीन वापरत असाल तर ते आधी आणि हे त्यावर, कपड्यांच्या आत लावू नका. आणि फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही हो, डेंग्यू, झिका, चिकनगुनियाचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी आडवं व्हाल तेव्हाही मच्छरदाणी लावाच.

ताप आला तर कृपया आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, कुणीतरी या गोळ्या सुचवल्यात म्हणून कळकळीने सांगतेय, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूत ताप उतरला की सगळे निवांत होतात पण खरा जपायचा काळ तिथूनच पुढचे २४ ते ४८ तास असतो, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, कुठूनही रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल.

मलेरियाची टेस्ट एकदा निगेटिव्ह आली आणि ताप राहिलाच तर परत करायला सांगा, गरोदरपणात जंतू वारेत (प्लॅसेंटात) दडून बसतात आणि रक्तात कमी दिसतात.

झिकाची साथ असेल तर नवऱ्यालाही सांगा, हा आजार शरीरसंबंधांतूनही पसरतो, बाळंतपणापर्यंत कंडोम वापरा.