ती जाहिरात कधीच काढली, काका (सोसायटी ग्रुप, लातूर)

ए-१०३, काका: वरचा तनिष्कच्या जाहिरातीचा व्हिडिओ बघा. धनत्रयोदशीला या सोन्याच्या दुकानात पाय ठेवायचा नाही. सगळ्या ग्रुपवर टाका.

सी-४०२, ताई: काका, हे २०२०च्या ऑक्टोबरचं आहे. तनिष्कनं तेव्हाच काढली ती. दिवाळी आली की कुणीतरी उकरून काढतंयच.

काका: काढली ना? म्हणजे चुकलंच होतं.

ताई: चुकलं म्हणून नाही हो. लोकांच्या भावना आणि दुकानातल्या पोरांची काळजी, असं कंपनीनंच लिहिलं होतं. गुजरातमधल्या गांधीधामच्या शोरूमच्या दारावर माफीचा कागद लावावा लागला. आणि जाहिरातीत होतं काय? मुसलमान सासू हिंदू सुनेचं डोहाळजेवण करायली, सुनेच्या माहेरच्या रीतीनं. यात कुणाचा अपमान झाला?

बी-२०१, सर: सगळ्याच तशा नसतात ताई. २०२३ला पर्यावरण दिनाला झोमॅटोनं जाहिरातीत 'लगान'मधल्या कचरा नावाच्या पात्राला दिवा केलं, पेपरवेट केलं. सिनेमात ज्याला शिवत नाहीत, त्यालाच वस्तू करून ठेवलं! अनुसूचित जाती आयोगाची नोटीस गेली. ती निघालीच पाहिजे होती.

ताई: तेच म्हणायलेय सर. तिथं दलित माणसाचं हसं झालं, इथं कुणाचंच नाही. दोन्हीवर 'भावना दुखावल्या' हा एकच शिक्का कसा मारता?

डी-१०४: सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर पण बहिष्कार होता, २०१९ला. कंपनी हलली नाही. आमच्यात अजून तीच पावडर हाय 😀

सी-३०१, वहिनी: केंटची विसरलात का? मे २०२०, कणीक मळायचं मशीन. कामवालीच्या हाताला संसर्ग असेल, तिला कणीक मळू देता का, असं विचारलं होतं. लोक चिडले, कंपनीनं माफी मागून काढली. आणि आपण? 'घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये.' आमच्या मावशी तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघा धरून चढायच्या. डिलिव्हरीवाला मात्र लिफ्टनं.

काका: करोना होता तो. तेव्हाचं आत्ता कशाला?

वहिनी: कारण कागद अजून आहे. सी विंगची लिफ्ट, आरशाच्या बाजूला. सेलोटेप पिवळी पडलीय, अक्षरं स्पष्ट. आत्ता तिथंच उभी आहे, काढू का?

काका: परस्पर काढू नका. अध्यक्षांची सही आहे त्यावर.

वहिनी: तेव्हा अध्यक्ष तुम्हीच होतात काका.

सचिव: काढा वहिनी. काका, वरचा व्हिडिओ पण काढा तेवढा.