लो सिंड्रोमच्या बाळासाठी ‘मूत्रपिंड निकामी’ म्हणावं का?

प्रश्न: लो सिंड्रोम (डोळे, मेंदू आणि किडनी या तिन्हींवर परिणाम करणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय. नाव ‘नेत्र-मस्तिष्क-वृक्क संलक्षण’ असं करावं का? आणि ‘मूत्रपिंड निकामी’ चालेल ना?

उत्तर: नाव ‘लो सिंड्रोम’च ठेवा. १९५२ साली बोस्टनच्या चार्ल्स लो आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासूनचं हे नाव. फाइलवरही तेच असतं. ‘वृक्क’ आयुर्वेदात ठीक, दवाखान्यात सगळे किडनीच म्हणतात.

‘निकामी’ मात्र सुरुवातीलाच नको. तो शब्द वाचला की आईबापांच्या डोळ्यांपुढे थेट डायलिसिस उभं राहतं. या बाळांची किडनी रक्त गाळत असते, बिघाड असतो पुढच्या बारीक नलिकांत. गाळलेल्यातलं बायकार्बोनेट, फॉस्फेट, अमिनो आम्लं परत शोषून घ्यायचं त्यांचं काम नीट होत नाही आणि हे सगळं लघवीवाटे जातं. मग रक्तात आम्ल वाढतं, हाडं मऊ पडतात, मुडदूस होतो. म्हणून ‘गळती’ लिहा. रोज सोडा-फॉस्फेटची औषधं कशाला, हेही त्या एका शब्दात कळतं. किडनीची ताकद पुढे हळूहळू खरंच कमी होत जाते. ते लपवू नका, पण पुढे योग्य ठिकाणी लिहा.

आणखी एक उत्तर: ‘गळती’ हा शब्द पटला. पत्रकात ‘मतिमंद’ असेल तर तोही काढा, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातली संज्ञा बौद्धिक अक्षमता आहे. शिवाय जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि अंग ढिलं, त्यामुळेही बाळ नजर देत नाही, उशिरा बसतं. सगळं मेंदूच्या नावावर टाकू नका.

आणखी एक उत्तर: ‘आईकडून आलेला दोष’ असं तर कृपा करून कुठेच लिहू नका. ज्यातल्या बदलामुळे हा आजार होतो ते ओसीआरएल जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं आजार जवळपास मुलग्यांनाच होतो, आई वाहक असू शकते, हे खरं. पण आपल्याकडे ‘दोष’ म्हणजे बिघाडही आणि ठपकाही. सासरी कोणता अर्थ घेतील, सांगायला नको. काही मुलांत तर हा बदल नव्यानंच झालेला असतो, आईत नसतोच. ‘जनुकातला बदल’ पुरे.

प्रश्नकर्ता: मग पहिलं वाक्य असं करतो: ‘बाळाची किडनी रक्त गाळते, पण शरीराला हवे असलेले क्षार तिच्या नलिकांतून गळून जातात, ते रोज औषधानं भरून द्यावे लागतात.’