पाग टाकायचा गेम बनवतोय, फक्त मोशन कंट्रोल ठेवू का बटणं पण देऊ?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. मी गुहागरकडचा, जॉब पुण्यातला पण सध्या घरूनच काम चालू आहे आणि रात्री लाईट असली तर गोडो इंजिनमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक मोबाईल गेम बनवतोय. गेम साधा आहे, खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून पाग टाकायचा. घाटावरच्या लोकांसाठी सांगतो, पाग म्हणजे गोल जाळं, कडेला शिसं ओवलेलं, दोरी मनगटाला, आणि कंबरेतून वळून असा फेकायचा की हवेत परातीसारखा उघडला पाहिजे. उघडला तर बोय, कोळंबी. नाही उघडला तर गोळा होऊन धपकन पडतो आणि मासे पसार.

तर माझ्या गेममध्ये फेकायला बटण नाहीये. फोन घट्ट धरून खरोखर हात फिरवायचा. माझे दोन मित्र म्हणतात वेडा आहेस, बटण दे, नाहीतर निम्मी पब्लिक पहिल्याच मिनिटाला अनइन्स्टॉल करेल. माझं म्हणणं असं की बटण दिलं की सगळे बटणच दाबणार आणि मग माझ्या गेमात आणि प्ले स्टोअरवरच्या बाकी ढीगभर फिशिंग गेमांत फरक काय राहिला.

पण खरा घोळ वेगळाच झालाय. परवा बाबांना खेळायला दिला. बाबा तीसेक वर्षं पाग टाकतायत. त्यांचे दहापैकी आठ "चुकला" आले. आणि माझा भाचा, वय ९, झोपाळ्यावर लोळत नुसतं मनगट झटकतो आणि दहापैकी दहा. बाबा काही बोलले नाहीत, फोन ठेवला आणि गोठ्याकडे गेले. तेव्हापासून झोप नाही. माझा कोड गंडलाय का मुळात आयडियाच गंडलीये?

साखरप्याचा_पांडू
मोशनवाला गेम म्हटलं की मला आंबा घाट आठवतो. एसटीत फोन तिरका करून चालवायचा कार रेसिंगचा गेम खेळत होतो, प्रत्येक वळणावर माझी गाडी आपोआप भिंतीत. मी हात हलवत नव्हतो रे, ड्रायव्हर हलवत होता. नंतर दाभोळ धोपावे फेरीबोटीत पण ट्राय केला, तिथे तर लाटाच खेळत होत्या, मी नुसता बघत होतो. तेव्हा बाबा रे, कुठे खेळणार ते पण बघ, आपल्याकडे लोकांना गेम खेळायला वेळ मिळतो तो प्रवासातच.

जुना_गेमर_चिपळूण
भाऊ, आयडिया गंडलेली नाही. लांब लिहितोय, चहा घेऊन बस.

तुझ्या मित्रांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे कारण या बाबतीत कंपन्यांनी माती खाल्लेली आहे. २००७ ला पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर लेअर नावाचा गेम आला होता, ड्रॅगनवर बसून उडायचं, आणि वळायला पॅडच (हातातला कंट्रोलर) तिरका करायचा, काडी (पॅडवरची अंगठ्याने फिरवायची दांडी) वापरायची सोयच नाही. लोक इतके वैतागले की २००८ मध्ये पॅच काढून काडीचा ऑप्शन द्यावा लागला. आता विचार कर, ड्रॅगन वळवणे ही गोष्ट काडीने आधीच मस्त होत होती, त्याजागी यांनी आणून ठेवली तिरकी करायची कसरत. डाँकी काँग कंट्री रिटर्न्स, २०१०, निन्टेंडोच्या वी कन्सोलवर (त्याचा कंट्रोलर म्हणजे हातात धरून हलवायचा रिमोट), तिथे पण तेच, उडी बटणावर आणि लोळायला मात्र रिमोट हलवा. अवघड जागी अर्धा सेकंद उशीर झाला की खड्ड्यात. निन्टेंडोच्या हातात धरायच्या ३डीएसवर तोच गेम २०१३ ला बटणांवर आला आणि कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आता दुसरीकडे बघ. वी स्पोर्ट्स २००६ चा, ८ कोटींच्या वर गेला (बहुतेक देशांत कन्सोलबरोबर फुकट होता ते मान्य, पण ज्या घरात कोणी कधी पॅड धरला नव्हता तिथली आजी पण बोलिंग खेळली ना). त्याला बटणावर आण, राहतं काय? काहीच नाही. बॉल फेकायची ती हालचाल काढली की खाली गेमच नाही. आणखी एक सांगतो, जोहान सेबास्टियन जूस्ट. याला तर स्क्रीनच नाही. प्रत्येकाच्या हातात एकेक मूव्ह कंट्रोलर (प्लेस्टेशनचा, हालचाल ओळखणारा), बाखचं संगीत चालू, संगीत हळू असेल तेव्हा तुझा कंट्रोलर जरा जरी हलला तरी तू आऊट, म्हणून सगळे एकमेकांना धक्के देत फिरतात आणि आपला हात मात्र पाणी भरलेल्या कळशीसारखा सांभाळतात. २०१४ ला स्पोर्ट्सफ्रेंड्स या गेमसंग्रहात आला. त्याला कोण म्हणेल बटण दे म्हणून?

तुझा पाग मला या दुसऱ्या गटात वाटतो. फक्त एक कर, फेकणं सोडून बाकी कशालाही हालचाल लावू नको. मेनू बोटाने, दोरी ओढणं बोटाने, मासे टोपलीत टाकणं बोटाने. लोकांचा राग फेकण्यावर नसतो रे, "पुढे जाण्यासाठी फोन हलवा" यावर असतो.

सेन्सरवाली
गेमचं मला फार कळत नाही पण सेन्सरचं कळतं, म्हणून बाबांच्या आठ चुकांचं बोलते.

माझा अंदाज, तू अ‍ॅक्सेलरोमीटरचा (वेग किती झटक्यात बदलतो ते मोजणारा सेन्सर) सगळ्यात मोठा झटका मोजतोयस. एका ठराविक आकड्याच्या वर गेला की "उघडला". बरोबर ना? मग भाचा जिंकणारच. मनगटाचा झटका लहान असतो पण टोकदार, सेन्सरला तो फार मोठा दिसतो. वी च्या टेनिसमध्ये लोकांनी हेच शोधून काढलं होतं, सोफ्यावर बसून मनगट हलवायचं, पूर्ण हात फिरवायची गरजच नाही. त्या रिमोटमध्ये सुरुवातीला फक्त अ‍ॅक्सेलरोमीटर होता, ±३ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट झटक्यापर्यंत मोजणारा), आणि टीव्हीकडे रोखला तरच उपयोगी पडणारा इन्फ्रारेड कॅमेरा. हात किती वळला हे त्याला नीट कळायचंच नाही, म्हणून २००९ ला मोशनप्लस नावाचा जायरोचा तुकडा मागे जोडायला विकला.

तुला हवाय जायरो. तो वळण्याचा वेग सांगतो, सेकंदाला किती अंश. तो वेग फेकीच्या साधारण सेकंदभरात बेरीज करत जा, हात एकूण किती फिरला ते मिळेल. कंबरेतून वळणारा माणूस आणि मनगट झटकणारा पोरगा तिथे लगेच वेगळे दिसतील. जायरोची बेरीज हळूहळू सरकत जाते पण सेकंदभरात काही बिघडत नाही, प्रत्येक फेकीला शून्यापासून सुरू कर. मात्र अ‍ॅक्सेलरोमीटरवरून फोन हवेत कुठून कुठे गेला हे काढायच्या नादी लागू नको, दोनदा बेरीज करावी लागते आणि चूक वेळेच्या वर्गाने वाढते, दोन चार सेकंदांत फोन शेजारच्या वाडीत पोचलेला दिसेल.

अडचण एकच, स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत जायरो नसतोच. मॅनिफेस्टमध्ये (फोनात काय काय लागतं ते सांगणारी गेमची फाईल) जायरो आवश्यक असं लिही, मग अशा फोनांना प्ले स्टोअर गेम दाखवणारच नाही. आणि पांडूंच्या घाटाचं, तिथे सेन्सर काहीच करू शकत नाही, त्याला बस आणि हात सारखेच.

आणि आधी बाबांच्या फेकीचा डेटा घे. आकडे तू स्वतःच्या हातावरून ठरवले असणार. तुला पाग टाकता येतो का?

खाडीकाठचा
@सेन्सरवाली नाही येत 😐 लहानपणी दोनदा टाकला, दोन्ही वेळा स्वतःवरच पडला. आणि हो, झटकाच मोजतोय.

मालवणी_झिलगो
तुझो गेम बरो असा रे, पण माका एक सांग, घामाचो हात, त्यात मोबाईल, आणि जोरात फिरवचो. सुटलो तर? पंधरा हजाराचो मोबाईल खय, बावडेत? तुझो बापूस पाग फेकता तेवा दोरी मनगटाक बांधलेली असता, ती कित्याक असता?

मस्करी नाय करत हा. त्या वी चे रिमोट लोकांच्या हातातसून सुटान टीव्हीर आपटले आणि कंपनीक २००६ च्या डिसेंबरात ३२ लाख पट्टे बदलून देवचे लागले. तू तर पट्टो पण देणस नाय.

डावखुरा_देवरुख
सगळे "बटण नको" म्हणून नाचताय म्हणून जरा उलट बोलतो. गेल्या पावसाळ्यात मागच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरलो आणि हाताला सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत मी फोनशिवाय काही करत नव्हतो, आणि तुझा गेम तेव्हा आला असता तर मला म्हणाला असता तुम्ही बाहेर बसा. आज माझा हात ठीक आहे, पण ज्यांचा कायमचाच तसा आहे त्यांचं काय? चिपळूणकर म्हणतात हालचाल काढली की गेम उरत नाही, ते ऐकायला छान वाटतं, पण स्कायवर्ड स्वोर्ड या वी वरच्या झेल्डा मालिकेतल्या गेमबद्दल पण २०११ ला हेच म्हणत होते, तलवार हातानेच फिरवायची, तोच खेळ. २०२१ ला निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आणताना काडीने तलवार फिरवायची सोय दिलीच ना? आणि झेल्डाच आहे ना तो, का उरला नाही?

आणि डावखुऱ्यांचं विसरू नका. ट्वायलाइट प्रिन्सेस या दुसऱ्या झेल्डा गेममधला हिरो लिंक डावखुरा, पण वी वर रिमोट बहुतेकांच्या उजव्या हातात येणार म्हणून त्यांनी अख्खं जगच आरशासारखं उलटं केलं, पूर्वेचं पश्चिमेला. आमच्यासाठी एवढं कोणी करत नाही, निदान सेटिंगमध्ये एक टिक तरी दे.

जुना_गेमर_चिपळूण
@डावखुरा स्कायवर्डचा मुद्दा मान्य. पण काडीवर खेळून बघितलाय का? मी बघितलाय, चालतो, पण तलवार हातात नाही, काठीला बांधल्यासारखी वाटते. तरी नसण्यापेक्षा असलेली बरी, एवढं मी पण म्हणेन.

फेकण्याचंच उदाहरण हवं तर पोकेमॉन लेट्स गो, २०१८. टीव्हीला लावून खेळलात तर पोकेमॉन पकडायचा बॉल हात फिरवूनच फेकायचा, आणि तोच स्विच हातात घेऊन खेळलात तर नेम धरून बटण. गंमत म्हणजे मी पहिल्या आठवड्यानंतर सगळा गेम हातात घेऊनच खेळलो, कारण शेकडो वेळा फेकायचं होतं. म्हणजे खाडीकाठच्या, एका डावात किती वेळा फेकायला लावणार आहेस ते पण मोज. खरा पाग माणूस दिवसात किती वेळा टाकतो?

खाडीकाठचा
तीन दिवस गायब होतो, दोन दिवस लाईटच नव्हती, वादळात डीपी गेली.

तर बाबांचा डेटा घेतला. आधी तयारच नव्हते, शेवटी आईने सांगितलं तेव्हा आले. वीस फेकी घेतल्या. सेन्सरवाली ताईंचं तंतोतंत बरोबर निघालं. बाबांचा झटका माझ्यापेक्षा पण कमी आहे! आधी दोन तीन सावकाश हेलकावे, मग कंबर वळते, खांदा मागून येतो, आणि सोडताना मनगट जवळपास स्थिर. मी जे मोजत होतो ते त्यांच्या फेकीत नव्हतंच. आता जायरोची बेरीज लावली आणि त्याआधीचे हेलकावे पण लयीत हवेत अशी अट टाकली. बाबा दहापैकी सात, भाचा दहापैकी दोन. भाचा गेमला एक स्टार देणार म्हणतोय.

किती वेळा टाकतात ते विचारलं. म्हणाले भरतीच्या पाण्यात तासभर फिरतो पण टाकतो मोजून, पाणी कुठे हलतंय ते बघण्यातच वेळ जातो. म्हणून आता डावात फक्त सात फेकी ठेवल्यात, बाकी वेळ नुसतं पाणी बघायचं, बोटाने इकडे तिकडे चालायचं. फेकायचं बटण देत नाहीये. पण डावखुरा दादांचं पटलं, त्यामुळे डाव्या हाताची टिक आली आणि एक "लहान हालचाल" मोड आलाय, त्यात फोन मांडीवर ठेवून किंचित वळवला तरी फेक होते, लय मात्र साधायलाच लागते. मनगटाला दोरी बांधल्याशिवाय फोन फिरवू नका असा पहिलाच स्क्रीन टाकलाय, झिलग्या, तुझ्यासाठी.

एक गोष्ट सुटत नाहीये. सात आल्यावर बाबांना विचारलं उरलेले तीन का चुकले, तर म्हणाले, "अरे भिजलेला पाग जड असतो. तो मागे ओढतो म्हणून कंबर वळते. ह्या तुझ्या डबीत वजनच नाय, मी जोर देऊ कशावर?" याला काय उत्तर आहे कोणाकडे? फोन थरथरवून बघितला, ते म्हणाले फोन येतोय वाटतं कोणाचा तरी.

सेन्सरवाली
थरथरीने वजन येत नाही, कुठल्याच कंट्रोलरला ते धड जमलेलं नाही, हात हवेतच फिरतो. पण जायरोला फोन तळहातात आहे का मनगटावर याने विशेष फरक पडत नाही. जुन्या मोज्यात घालून मनगटाला बांध आणि हातात खरंच काहीतरी जड फेकायला दे.

मालवणी_झिलगो
भिजलेली चादर दी. गोधडी नको हा, कंबर जायत बापसाची.

खाडीकाठचा
केलं. मोजा, मनगट, ओली चादर, अंगण. बाबा दहापैकी नऊ. दहावी चादर तुळशीवृंदावनावर पडली आणि आई बाहेर आली, त्यामुळे पुढचं टेस्टिंग सध्या बंद आहे.