घरात दोघांना पायाच्या शिरेत गुठळी, बाकीच्यांनी तपासणी करावी का?

शाहूपुरीकर: नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या डाव्या पायात गुठळी सापडली. वय ३४, ना अपघात, ना ऑपरेशन. पोटरी दगडासारखी घट्ट झाली तरी आम्ही चमक भरली म्हणून तेलच चोळत होतो, डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्यावर कळलं. आईलाही बाळंतपणानंतर असंच झालं होतं. आता एका लॅबवाल्याने घरातल्या सगळ्यांसाठी जनुकीय पॅकेज सुचवलंय. आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. बहीण २६ ची आहे. नवरात्रात अंबाबाईची ओटी भरायची म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्यात. काय करावं?

रंकाळा_वारा: दादा, पॅकेजचं नंतर बघा. त्या गोळ्या आधी थांबवा! पाळी लांबवायला नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन मोठ्या डोसमध्ये देतात, त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. बहिणीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि आईचं-भावाचं दोघांचंही सांगा. त्यासाठी कुठल्याच रिपोर्टची वाट बघायला नको.

राजारामपुरी_लॅब: मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून एक कळकळीने सांगते. भावाचं रक्त आत्ता घाईने तपासायला देऊ नका. ताज्या गुठळीत प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही गुठळी रोखणारी रक्तातली प्रथिनं तशीही कमी दिसतात. वॉरफरिन, हेपरिन ही रक्त पातळ करायची औषधं; वॉरफरिनने सी आणि एस उतरतात, हेपरिनने अँटिथ्रॉम्बिन, गरोदरपणात एस. अशा वेळचा रिपोर्ट बघून माणसावर जन्माचा शिक्का बसतो. फॅक्टर व्ही लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन (गुठळीचा धोका वाढवणारे आनुवंशिक दोष) या जनुकाच्या तपासण्या, त्यांना औषधाने फरक पडत नाही. लायडन दोष १९९४ साली नेदरलँड्समध्ये सापडला, युरोपात तो बराच आढळतो, आपल्याकडे कमी. म्हणून तो निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं समजू नका. आणि पॅकेजमध्ये एमटीएचएफआर या जनुकाची तपासणी असेल तर तो खर्च वाचवा, त्यावरून उपचार काही बदलत नाहीत.

शाहूपुरीकर: ताई, मग भावाच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करून तपासायचं का?

राजारामपुरी_लॅब: नाही हो, मनाने एक गोळीसुद्धा चुकवायची नाही! कधी तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. आधी चांगल्या एमडी फिजिशियनना दाखवा, ते म्हणाले तर पुण्याला हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ). दोष भावात सापडला तर बहिणीची फक्त तेवढीच तपासणी करा, सगळं पॅकेज कशाला?

गंगावेस_आक्का: आमच्याकडे प्रोटीन एस कमी आहे. आईबापांपैकी एकात दोष असला तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. माझ्या थोरलीत आला, धाकटीत नाही. थोरलीला आजवर काही झालं नाही, पण दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगितलं आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे पोटात हेपरिनची इंजेक्शनं घेतली. तुमच्या बहिणीचं लग्न ठरलं की हे सासरी आधीच मोकळेपणाने बोला.

शाहूपुरीकर: गोळ्या दुकानात परत दिल्या. सोमवारी आईचे जुने कागद घेऊन भावाला आणि बहिणीला दोघांनाही दाखवतो.

रंकाळा_वारा: आणि मधेच भावाला दम लागला, छातीत दुखलं तर सोमवारची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या. गुठळी फुप्फुसात सरकू शकते.