अंगणातील पालापाचोळ्यासाठी बॅटरीवरचा ब्लोअर: हवेचा वेग पाहावा की प्रमाण?

सहकारनगरकर

नमस्कार. पुण्यात सहकारनगरमधील आमच्या बंगल्याभोवती साधारण दीड हजार चौरस फूट मोकळी जागा आहे. पुढे शहाबादी फरशी, गेटपासून गाडीच्या जागेपर्यंत पेव्हिंग ब्लॉक आणि मागे मुरूम, अशी तिची रचना आहे. आवारात एक देशी बदाम, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा सोनमोहर आणि रस्त्याच्या कडेला बूच आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास बुचाची फुले, संक्रांतीनंतर बदामाची तांबूस पाने आणि उन्हाळा लागला की सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या, असे काही ना काही जवळजवळ वर्षभर पडतच असते. खराट्याने सपाट जागा स्वच्छ होते, परंतु कुंड्यांच्या मागे, जाळीच्या खोबणीत आणि गाडीखाली तो पोहोचत नाही. मागच्या बाजूला विजेचा प्लग नसल्यामुळे वायरचा ब्लोअर घेतल्यास एक्स्टेन्शन बोर्ड ओढत फिरावे लागेल, म्हणून बॅटरीवरचा घेण्याचा विचार आहे.

अडचण निवडीची आहे. एका लहान यंत्राच्या जाहिरातीत हवेचा वेग ताशी २७० किलोमीटर दिला आहे, तर त्याहून मोठ्या आणि महाग यंत्राचा वेग केवळ ताशी १५० किलोमीटर आहे. मग जास्त पैसे कशासाठी द्यायचे? शिवाय कोणी १८ व्होल्ट म्हणतो, कोणी २०, कोणी ३६, आणि अगदी स्वस्तात ‘४८ व्होल्ट’ व ‘८८ व्होल्ट’ लिहिलेली यंत्रेही दिसतात. घरी एका नामांकित कंपनीचे १८ व्होल्टचे ड्रिल आहे. त्याचीच २ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या साठवणक्षमतेचे माप) बॅटरी चालवावी का? आईला दम्याचा त्रास आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हत्यारपेटी

वेगाच्या आकड्यावरून एकट्याने काहीच कळत नाही. हवेचा वेग गुणिले नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण. त्यामुळे तोंड अरुंद केले की त्याच पंख्याचा वेग कागदावर वाढवून दाखवता येतो. ताशी २७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. अशा यंत्राच्या माहितीपत्रकात हवेचे प्रमाण ताशी १२० घनमीटर दिलेले असेल, तर हिशेबाने त्याच्या तोंडाचा व्यास जेमतेम अडीच सेंटीमीटर निघतो. त्याने ड्रिलिंगनंतरचा भुसा, एसीची जाळी किंवा खिडकीच्या रुळातील माती उत्तम निघते, कारण ते यंत्र मुळात त्याच कामाचे आहे. याउलट ताशी १५० किलोमीटर वेग आणि ताशी ६०० घनमीटर हवा देणाऱ्या यंत्राचे तोंड सुमारे सात सेंटीमीटरचे असते. पानांवर पडणारा जोर काढायचा झाल्यास हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरून गुणाकार करावा: लहान यंत्राचा जोर सुमारे ३ न्यूटन येतो आणि मोठ्याचा ८ न्यूटनच्या वर जातो. म्हणजे कागदावर मंद दिसणारे यंत्र पाने जवळजवळ पावणेतीन पट जोराने ढकलते. काही उत्पादक हा जोर न्यूटनमध्ये थेट छापतात. तो दिलेला असेल तर आधी तोच पाहावा. हवेचे प्रमाण कोणी ‘सीएफएम’मध्ये (मिनिटाला घनफूट), कोणी मिनिटाला घनमीटरमध्ये देतो, त्यामुळे तुलना करताना गोंधळ होतो. १ सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर, इतके लक्षात ठेवले तरी पुरते.

आता तुमच्या अंगणाकडे पाहू. बदामाचे वाळलेले पान मोठे आणि हलके असते. त्याला वेग कमी लागतो, पण हवेचा झोत रुंद हवा, नाही तर एक पान पुढे जाते आणि दोन बाजूंना सरकतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत अडकलेल्या पाकळ्यांसाठी मात्र वेग लागतो. म्हणून रुंद तोंडाचे यंत्र घ्यावे आणि त्यासोबत चपटे किंवा निमुळते नॉझल मिळते का, ते पाहावे. तुमच्या एवढ्या जागेला ताशी ५०० ते ६०० घनमीटर पुरेसे आहे. त्याहून मोठे यंत्र हातात जड होते आणि बॅटरी भराभर संपवते.

व्होल्टच्या बाबतीत निम्मा घोळ जाहिरातींचा आहे. लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल ओळीने जोडले की तीच बॅटरी एका कंपनीच्या भाषेत १८ व्होल्ट आणि दुसरीच्या भाषेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ होते. ३६ आणि ‘४० व्होल्ट मॅक्स’ यांचेही तसेच. किती काम होईल हे व्होल्ट आणि एएच यांच्या गुणाकारावर ठरते. १८ व्होल्ट गुणिले ४ एएच म्हणजे ७२ वॅट-तास, आणि ३६ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजेही ७२ वॅट-तासच. ३६ व्होल्टचा फायदा इतकाच की तेवढ्याच ताकदीसाठी निम्मा करंट लागतो, त्यामुळे बॅटरी आणि तारा कमी तापतात. मोठ्या यंत्रांना ते आवश्यक ठरते, पण तुमच्या कामाला १८ व्होल्टचे चांगले ब्रशलेस (मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसलेले) यंत्र पुरेल.

त्याच कंपनीचा १८ व्होल्टचा ब्लोअर घेतलात तर ड्रिलची बॅटरी बसेल, पण तिच्यावर भागणार नाही. पूर्ण जोरावर ब्लोअर ३६० वॅट घेत असेल, तर २ एएचच्या ३६ वॅट-तासांत हिशेबाने सहा मिनिटे मिळतात, आणि एकाच ओळीतील पाच लहान सेलमधून २० अँपिअर खेचल्यामुळे ती बॅटरी हाताला चांगलीच गरम लागते. ४ एएचवर बारा मिनिटे मिळतील. मात्र पंख्याचा एक नियम इथे तुमच्या बाजूने आहे: हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या प्रमाणात घटते, पण लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या (तिसऱ्या घाताच्या) प्रमाणात घटते. फेऱ्या ८० टक्क्यांवर आणल्या की हवा ८० टक्के मिळते आणि वीज जवळजवळ निम्मी लागते, त्यामुळे तीच बॅटरी वीस-बावीस मिनिटे चालते. म्हणून वेग कमी-जास्त करणारा खटका असलेलेच यंत्र घ्यावे आणि पूर्ण जोर फक्त कोपऱ्यांसाठी राखून ठेवावा. तुमच्याकडे १८ व्होल्टचा चार्जर आधीच आहे, तेव्हा त्याच कंपनीचे बॅटरीशिवायचे नुसते यंत्र आणि वेगळी ४ किंवा ५ एएचची बॅटरी असा हिशेब मांडून पाहावा. जुना चार्जर २ अँपिअरचा असेल, तर ४ एएचची बॅटरी भरायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल.

बोहरी आळीचा फेरफटका

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. फक्त त्या ‘४८’ आणि ‘८८ व्होल्ट’च्या यंत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोक फसतात. अशा बॅटरीवर बहुधा आकड्यापुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरे असतात आणि उघडून पाहिले तर आत अनेकदा पाचच सेल निघतात. उघडण्याचीही गरज नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून मल्टिमीटरच्या दोन पिना तिच्या अधिक आणि उणे पट्ट्यांना लावाव्यात. काटा २१ व्होल्टच्या आसपास थांबला, तर ती साधी पाच सेलची बॅटरी आहे, बाहेर काहीही छापलेले असो. एएचचा दावा वजनावरून पडताळता येतो. नेहमीच्या १८६५० आकाराच्या एका सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते. त्या आकारात खरी ४ एएचची बॅटरी करायची तर दहा सेल लागतात, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर जातात. हातात पाव किलोचा डबा आणि त्यावर ६ एएच असे दिसले, तर तो दुकानदाराच्या हाती परत द्यावा.

माझ्या एका नातेवाइकांनी असे यंत्र ऑनलाइन मागवले. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याची बॅटरी चार्ज घेईना, आणि विक्रेत्याने वॉरंटी फक्त मोटरची असल्याचे कळवले. ती अट बिलाच्या मागे बारीक अक्षरांत खरोखरच छापलेली होती. म्हणून बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची आहे हे वेगळे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. शक्य असल्यास रविवार पेठेत जाऊन यंत्र प्रत्यक्ष हातात धरून पाहावे. बॅटरी बसवल्यावर नळी जमिनीकडे झुकते की मनगटावर ताण देऊन ती खाली धरावी लागते, हे कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ब्रशच्या मोटरचे यंत्र थोडे स्वस्त पडते, पण त्याचे कार्बन झिजतात आणि ते त्याच मापाचे मिळायला हवेत. आठवड्यातून तीन-चारदा वापर असेल तर ब्रशलेसच परवडते.

खराटाप्रेमी, एरंडवणे

थोडा विरोधी सूर लावतो. दीड हजार चौरस फुटांतील सपाट भाग हिराच्या खराट्याने झाडणे ब्लोअरपेक्षा फार मंद नसते, कारण ब्लोअरने पाने एका ठिकाणी आली तरी ती भरायला सुपली आणि पोते लागतेच. ब्लोअरचे खरे काम तुम्ही स्वतःच सांगितले आहे: कुंड्यांच्या मागे, जाळीत, गाडीखाली. त्यात मी गच्चीवरच्या पन्हळीची आणि मेंदीच्या कुंपणाच्या बुडाची भर घालीन. तेवढ्यासाठीच तो घेत असाल तर जरूर घ्या; खराटा अडगळीत टाकण्याच्या बेताने घेऊ नका. पावसाळ्यात शहाबादीला चिकटलेले ओले पान कोणताही घरगुती ब्लोअर उचलत नाही.

धुळीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि यंत्राच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. पुण्यात जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत मुरमावर पूर्ण जोराने ब्लोअर चालवला, तर पानांआधी माती उडते आणि ती तुमच्या खिडकीतून आत व शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. आदल्या संध्याकाळी मुरमावर हलका सडा घालावा. सकाळपर्यंत वरची पाने कोरडी होतात आणि खालची माती दबलेली राहते. मुरमावर नॉझल जमिनीपासून हातभर वर आणि आडवे धरावे, झोत खाली रोखू नये. मागच्या भागाचे काम चालू असताना आईंना घरात, त्या बाजूच्या खिडक्या लावून बसू द्यावे आणि स्वतः एन-९५ मास्क व चष्मा वापरावा. पुणेकरांच्या घरात कोविडपासून मास्कचा साठा असतोच, तो या निमित्ताने संपेल.

आवाजाबद्दल एक सूचना. बॅटरीचा ब्लोअर पेट्रोलच्या मानाने सौम्य असला, तरी त्याची किरकिर उंच पट्टीची असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल आहे. नियमाचे जाऊ द्या, सकाळी आठच्या आधी तो सुरू केला तर शेजारी सोनमोहर तोडायलाही परवानगी देणार नाहीत आणि तुमच्याशी बोलणारही नाहीत.

सहकारनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. सेलच्या वजनाची आणि सड्याची युक्ती फारच उपयोगी आहे. ब्रशलेस, वेग बदलणारे १८ व्होल्टचे यंत्र आणि ४ एएचची वेगळी बॅटरी, इथपर्यंत निर्णय झाला आहे. आणखी एक शंका आहे: पाने ओढून घेऊन बारीक करणारी आणि पिशवीत भरणारी यंत्रेही मिळतात, त्यांचा उपयोग होईल का? जमा झालेल्या पानांचे काय करावे, हाही प्रश्न आहेच, कारण बदामाची पाने पोतीच्या पोती निघतात.

गच्चीवरची बाग

मुरूम असलेल्या आवारात ओढून घेणारे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पानांसोबत खडे आत जातात आणि पंख्याच्या पात्यांचे टवके उडतात. ओलसर पाने असतील तर नळी तुंबते. शिवाय ओढायला फुंकण्यापेक्षा अधिक ताकद लागते, त्यामुळे बॅटरीवरची अशी यंत्रे जड आणि महाग होतात. फक्त फरशी असती तर मी वेगळे मत दिले असते.

पाने गोळा करण्यासाठी जुनी चादर किंवा ताडपत्री जमिनीवर पसरावी, तिची एक कड भिंतीकडे ठेवावी आणि भिंतीपासून सुरुवात न करता समोरच्या बाजूने, वारा पाठीवर घेऊन, पाने तिच्यावर ढकलत न्यावीत. भिंतीला आपटून परतणारी हवा ढीग विस्कटते, म्हणून शेवटच्या दोन-तीन फुटांत वेग कमी करावा. मग चारही कोपरे उचलले की गाठोडे तयार होते.

या गाठोड्याला काडी लावण्याचा मोह आवरावा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली गेली आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. आणि घरात दम्याचा रुग्ण असताना तो धूर कोणाला हवा आहे? वाळलेली पाने कार्बनने समृद्ध असतात. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर प्रत्येक वेळी त्यांचा थर दिला की वास येत नाही आणि खत लवकर होते. बदामाचे पान जाड असल्याने ते सावकाश कुजते, तेव्हा पोत्यात भरून पायाने तुडवून घ्यावे आणि मगच खताच्या डब्यात घालावे. जास्त झालेली पाने पुण्यात हौसेने नेणारे लोक आहेत. ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम पाने देणाऱ्यांची आणि बागेसाठी पाने हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो. पोत्यांत प्लॅस्टिकचा तुकडा राहणार नाही एवढी काळजी घ्यावी.

हत्यारपेटी

बॅटरीविषयी एक सांगायचे राहिले होते. काम संपल्यावर ती गरम असतानाच चार्जरवर लावू नये. अर्धा तास सावलीत ठेवून मग लावावी. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. पावसाळ्यात तीन-चार महिने वापर होणार नसेल, तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्मी चार्ज करून, यंत्रातून काढून, घरातील कोरड्या कपाटात ठेवावी. ड्रिलसाठी अधूनमधून तीच बॅटरी वापरलीत तर हा प्रश्न तसाही फारसा उरणार नाही. तुमच्या ड्रिलची कंपनी आणि चार्जरवर छापलेला अँपिअरचा आकडा इथे कळवावा, म्हणजे त्या चार्जरवर ५ एएचची बॅटरी किती वेळात भरेल ते सांगता येईल.